५२ पानं आणि ६८ अंक

नागपूरच्या रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात एका वेळी सुमारे दोन हजार माणसं बसतात. अशा भरल्या सभागृहात जादूगार पत्त्यांचा कॅट काढतो, नीट पिसतो, पानांचा पंखा करून प्रेक्षकांना दाखवतो आणि खेळ सुरू करतो. टाळी त्याला खेळाच्या शेवटी मिळते. पण सगळ्यात अचाट गोष्ट त्याआधीच घडून गेलेली असते. त्या क्षणी त्याच्या हातात पानं ज्या क्रमाने लागलेली आहेत, तो क्रम पत्ते जन्माला आल्यापासून आजवर कुणाच्याही हाती आलेला नाही, असं जवळजवळ खात्रीने सांगता येतं.

एवढ्या खात्रीने का सांगता येतं, ते समजून घेतलं की जादूगारांची अर्धी कला समजते. आणि जादूगार नसलेली माणसं याच गोष्टीवर आपल्याला कशी फसवतात, तेही समजतं.

भास्कराचार्यांची यादी १९ पानांत संपते

तीन पानं घ्या. पहिल्या जागी तिघांपैकी कुठलंही, दुसऱ्या जागी उरलेल्या दोघांपैकी एक, शेवटी राहिलेलं. ३ × २ × १ म्हणजे सहा क्रम. चार पानं घेतली की २४.

हा हिशेब महाराष्ट्राला नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. तिच्या शेवटच्या ‘अंकपाश’ प्रकरणात त्यांनी विचारलं आहे, की विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म ही आयुधं आलटूनपालटून दिली, तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? उत्तर २४. संध्येत म्हणतात ती केशव, नारायण, माधव ही २४ नावं याच २४ मूर्तींची. सोबतचं उदाहरण शंकराचं आहे. दहा हात, दहा आयुधं, आणि मूर्तींचे प्रकार ३६,२८,८००. हात चाराचे दहा झाले, म्हणजे अडीच पट. प्रकार मात्र दीड लाख पटींनी वाढले. इतकी झपाट्याने वाढणारी गोष्ट नुसत्या अंदाजाने पकडता येत नाही.

आता पत्त्यांकडे येऊ. फक्त बदामाची १३ पानं घेतली, तर त्यांचे क्रम होतात ६२२ कोटी ७० लाख २० हजार ८००. पृथ्वीवर आज ८०० कोटींहून अधिक माणसं आहेत. बदामाच्या जोडीला इस्पिकचा एक्का ठेवला, म्हणजे पानं १४ झाली, की आकडा ८,७१७ कोटींवर जातो. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला दहा-दहा वेगळे क्रम वाटले तरी उरतील.

भास्कराचार्यांनी संख्यास्थानांची जी यादी दिली आहे, ती एकापासून सुरू होऊन कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी चढत परार्धापाशी थांबते. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. १८ पानांचे क्रम परार्धाच्या आत राहतात. १९ वं पान ठेवलं की ते सव्वा परार्धाच्या जवळ पोचतात. यादी इथे संपली, आणि कॅटात अजून ३३ पानं शिल्लक आहेत.

पूर्ण ५२ पानांच्या क्रमांची संख्या अशी आहे:

८०६५ ८१७५ १७०९ ४३८७ ८५७१ ६६०६ ३६८५ ६४०३ ७६६९ ७५२८ ९५०५ ४४०८ ८३२७ ७८२४ ०००० ०००० ००००

एकूण ६८ अंक. थोडक्यात सांगायचं तर ८ वर ६७ शून्यं, आणि वर थोडं.

सारं नागपूर पत्ते पिसायला बसलं तर

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख होती. समजा, सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत आणि धरमपेठेपासून महालापर्यंत प्रत्येकाच्या हाती एकेक कॅट दिला. लहानथोर सगळे दर सेकंदाला एकदा पिसताहेत, जेवण नाही, झोप नाही. एका दिवसात या शहराने २०,७३६ कोटी क्रम पाहून टाकले.

आता हे शहर विश्वाच्या आरंभापासून, म्हणजे १,३८० कोटी वर्षांपासून असंच पिसत आहे असं धरू. आजवर त्यांनी पाहिलेले क्रम होतील साधारण १ वर २४ शून्यं. एकही क्रम पुन्हा आला नाही असं मानलं, तरी सगळे क्रम संपवायला विश्वाचं हे संपूर्ण आयुष्य ७७ वर ४२ शून्यं इतक्या वेळा पुन्हा जगावं लागेल. नागपूरऐवजी अख्खी पृथ्वी बसवली, तर त्या शून्यांतली जेमतेम तीन-चार कमी होतील.

दुसरीकडून मोजू. पृथ्वी ज्या अणूंची बनली आहे, त्यांची संख्या शास्त्रज्ञांच्या अंदाजाने १३ वर ४९ शून्यं इतकी आहे. यात माती, पाणी, लाव्हा, लोखंडाचा गाभा, झाडं, माणसं सगळं आलं. पत्त्यांचे क्रम या प्रत्येक अणूला सारखे वाटले, तर एकेका अणूच्या वाट्याला सहा परार्ध क्रम येतात.

मग जादूगाराच्या हातातला क्रम पहिल्यांदाच आला आहे, हे कशावरून? मानवजातीने आजवर केलेल्या पिसण्याचा भरपूर फुगवलेला अंदाज घेऊ. ८०० कोटी माणसं, दर सेकंदाला एक पिसणं, सलग ४०० वर्षं. बेरीज होते १ वर २० शून्यं. एवढ्या साऱ्यांत कुठलेही दोन क्रम एकमेकांशी तंतोतंत जुळले असण्याची शक्यता १६ वर २७ शून्यं, यांत एक. इतकी लहान शक्यता व्यवहारात शून्यच धरतात.

या हिशेबात एका जादूगाराचं आयुष्य केवढं? वर्षाला ३०० प्रयोग, चाळीस वर्षं रंगमंचावर आणि प्रत्येक प्रयोगात वीस वेळा पिसणं. म्हणजे २ लाख ४० हजार क्रम. पुण्याचे जादूगार रघुवीर (१९२४-१९८४) यांनी गावोगावी आणि परदेशांत हजारो प्रयोग केले. त्यांच्यानंतर चिरंजीव विजय रघुवीर आणि नातू जितेंद्र रघुवीर यांनी ही कला पुढे नेली. एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या हातांनी पिसलेले सगळे क्रम एकत्र केले, तरी त्या ६८ अंकी संख्येला धक्काही लागत नाही.

आपल्याकडे तर याहून मोठा कॅट आहे. सावंतवाडीची गोल पानांची दशावतारी गंजिफा १२० पानांची असते. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. तिच्या क्रमांची संख्या १९९ अंकी भरते. दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या साधारण ८१ अंकी मानतात. सावंतवाडीच्या चितारी कलावंतांनी रंगवलेल्या लाकडी डबीत विश्वापेक्षा मोठी संख्या पिढ्यानपिढ्या राहत आली आहे.

सात वेळा, आणि आठव्यांदा पुन्हा पहिलं

वरचा सगळा हिशेब एका अटीवर उभा आहे. पानं खरोखर नीट पिसलेली हवीत. म्हणजे किती वेळा?

हा प्रश्न सोडवणारा गणितज्ञ मुळात जादूगार होता. पर्सी डायकोनिस १४ व्या वर्षी न्यूयॉर्कचं घर सोडून डाय व्हर्नन या थोर जादूगाराबरोबर फिरतीवर निघाले. पुढे ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. १९९२ मध्ये त्यांनी आणि डेव्ह बायर यांनी दाखवून दिलं, की कॅटाचे दोन भाग करून, अंगठ्यांनी फर्रकन सोडत पानं एकमेकांत मिसळली, तर सात वेळा पिसल्यावर कॅट चांगला मिसळतो. एकदा अशा पद्धतीने पिसल्यावर तयार होऊ शकणारे क्रम ४५ कोटी कोटी आहेत. तरीही पाच वेळा पिसून कॅट पूर्ण उलटा होऊच शकत नाही. त्याला निदान सहा वेळा लागतात.

आपण घरी मेंढीकोट किंवा बदाम सात खेळताना पिसतो ती पद्धत वेगळी. एका हातातल्या पानांचे छोटे झुबके दुसऱ्या हातावर टाकत जायचं. या पद्धतीने कॅट खरोखर मिसळायला हजारो वेळा पिसावं लागतं. मेंढीकोटात चार भिडूंना तेरा-तेरा पानं वाटण्याच्या रीती ५ वर २८ शून्यं इतक्या आहेत, पण घरच्या पिसण्याने त्यांतल्या फार थोड्या रीतींना संधी मिळते. मागच्या डावातले हात पुढच्या डावात एकत्र येतात, ते म्हणूनच.

जादूगाराची तालीम इथे उलट्या दिशेने चालते. वर्षानुवर्षं बोटं घासून तो असं पिसायला शिकतो, की बरोबर २६-२६ पानांचे दोन भाग व्हावेत आणि डावं-उजवं, डावं-उजवं असं एकेक पान अचूक एकाआड एक पडावं. वरचं पान वर आणि खालचं खाली ठेवून असं आठ वेळा केलं, की कॅट जसा होता तसा परत येतो. प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे आठ वेळा पिसणं झालं. त्यांच्या मते पानं पार विस्कटली. प्रत्यक्षात ६८ अंकी संख्येतून फक्त आठ क्रम वापरले गेले. बारीक फरक करून, वरचं पान दुसऱ्या जागी जाईल असं पिसलं, तर मूळ क्रम यायला ५२ वेळा लागतात. या दोन्ही प्रकारांची सांगड घालून वरचं पान हव्या त्या जागी कसं न्यायचं, याचं सूत्र ब्रिटिश जादूगार अ‍ॅलेक्स एल्म्स्ली यांनी शोधलं. इच्छित जागेच्या वर किती पानं हवीत ती संख्या फक्त ० आणि १ वापरून लिहायची, आणि त्या अंकांप्रमाणे पिसायचं. वर सहा पानं हवी असली, तर ११०. म्हणजे दोनदा एक प्रकार आणि एकदा दुसरा.

यमाताराजभानसलगा

शाळेत वृत्तं शिकताना प्रत्येकाने हे पाठ केलेलं आहे. य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण लक्षात ठेवायची युक्ती. लघू आणि गुरू अशा दोनच प्रकारांची तीन अक्षरं मांडायच्या रीती २ × २ × २, म्हणजे आठ. आठही रीती सुट्या लिहिल्या तर २४ अक्षरं लागतील. या युक्तीत मात्र फक्त दहा अक्षरं आहेत. ‘यमाता’ घेतलं की य गण, एक अक्षर पुढे सरकून ‘मातारा’ घेतलं की म गण, मग ‘ताराज’, मग ‘राजभा’. दरवेळी एकेक अक्षर सरकत गेलं की आठही गण एकेकदाच भेटतात.

युरोपात अशा मांडणीला डच गणितज्ञ द ब्रुइन यांचं नाव आहे. त्यांनी तिचा सिद्धान्त १९४६ मध्ये मांडला. डायकोनिस आणि रॉन ग्रॅहम यांनी ‘मॅजिकल मॅथेमॅटिक्स’ या पुस्तकात छंदशास्त्रकार पिंगलाच्या परंपरेतल्या या दहा अक्षरांची दखल घेतली आहे, कारण याच तत्त्वावर पत्त्यांचा एक थक्क करणारा खेळ उभा आहे. ३२ पानांचा एक गठ्ठा. प्रेक्षकांतले कितीही जण तो काटतात. पाच जण वरून ओळीने एकेक पान उचलतात. जादूगार म्हणतो, लाल पान असलेल्यांनी उभं राहा. मग तो पाचही जणांची पानं सांगतो.

लाल म्हणजे गुरू, काळं म्हणजे लघू असं समजा. पाच माणसांत कोण उभं, कोण बसलेलं, याच्या रीती ३२. गठ्ठ्यातले लाल-काळे असे लावलेले असतात, की वर्तुळात फिरलं तरी पाच-पाचांचा प्रत्येक नमुना एकदाच येतो. नमुना कळला की जागा कळली, आणि जागा कळली की पानं कळली. अशा मांडण्या किती? पाच जणांच्या खेळासाठी २,०४८. एक माणूस वाढवला, सहा केले, तर ६ कोटी ७१ लाख ८ हजार ८६४. ज्या वृत्तांवर आपली श्लोकपरंपरा उभी आहे, त्यांच्या लघुगुरूंच्या हिशेबात जादूगाराच्या मनकवडेपणाची किल्ली आहे, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे.

अशीच एक देणगी देवळालीच्या एका शाळामास्तरांची. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६). कुठलीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली, तर ५४३२ - २३४५ = ३०८७. मग ८७३० - ०३७८ = ८३५२. मग ८५३२ - २३५८ = ६१७४. यापुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४ हलत नाही. १००० ते ९९९९ मधल्या अशा ८,९९१ संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येतात. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर पोचलं. गार्डनर स्वतः हौशी जादूगार होते. बंद पाकिटात ६१७४ लिहून आधीच प्रेक्षकाच्या हाती द्यायचं. प्रेक्षकाने कुठलीही संख्या निवडो, भाकीत खरंच ठरतं. कापरेकरांनी शोधलेली ही युक्ती कुणाच्याही हाती चालते.

दोन हजार खुर्च्या, दहा नाणी

आता पुन्हा रेशीमबागेतल्या सभागृहात. दोन हजार माणसांना उभं करायचं. रंगमंचावर नाणं उडवण्याआधी प्रत्येकाने छापा की काटा ते मनात धरायचं. चुकलेल्यांनी बसायचं. पहिल्यांदा साधारण एक हजार बसतील. मग पाचशे उरतील, अडीचशे, सव्वाशे. दहाव्यांदा नाणं पडेपर्यंत एक-दोन माणसं उभी असतील. निदान एक तरी उभं राहण्याची शक्यता शंभरात सुमारे ८६ आहे.

ज्या माणसाने लागोपाठ दहा वेळा बरोबर ओळखलं, त्याला काय वाटेल? शेजारच्यांना काय वाटेल? एकट्या माणसाच्या दृष्टीने ही १,०२४ मध्ये एकदा घडणारी गोष्ट आहे. सभागृहाच्या दृष्टीने ती जवळपास ठरलेलीच आहे. चमत्काराच्या दाव्यांचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. हीच युक्ती १ लाख लोकांना पाठवलेल्या संदेशांत वापरली जाते. निम्म्यांना ‘शेअर वर जाईल’, निम्म्यांना ‘खाली येईल’. चुकीचं भाकीत गेलेल्यांना पुढचा संदेश पाठवायचा नाही. दहा फेऱ्यांनंतर साधारण शंभर माणसं अशी उरतात, ज्यांनी लागोपाठ दहा अचूक भाकितं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. ती शंभर माणसं घरदार विकायला तयार होतात. उरलेले ९९,९०० जण त्यांना कधी भेटत नाहीत.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. काही गोष्टी योगायोगाने घडूच शकत नाहीत. दहा जणांनी मनात धरलेली दहा पानं नशिबाने बरोबर ओळखण्याची शक्यता सुमारे दीड परार्धात एक. भारतातला मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होतो. असे ४०० कोटी क्रमांक होऊ शकतात. दहा अनोळखी माणसांचे क्रमांक नशिबाने सांगायचे, तर ती शक्यता १ वर ९६ शून्यं, यांत एक. पत्त्यांच्या सगळ्या क्रमांपेक्षाही कितीतरी मोठी संख्या. म्हणून कुणी असं करून दाखवलं, तर प्रश्न एकच विचारायचा: माहिती आधी कुठून मिळाली?

हा प्रश्न सार्वजनिक ठिकाणी मोठ्याने विचारण्याची परंपरा नागपूरने जपली आहे. श्याम मानव यांनी १९८२ मध्ये इथे अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. बाबा-बुवांचे चमत्कार म्हणून दाखवले जाणारे प्रयोग कार्यकर्त्यांनी स्वतः करून दाखवायचे आणि मग त्यांमागची हातचलाखी उलगडायची, ही चळवळीची रीत. जानेवारी २०२३ मध्ये मानव यांनी नागपुरातूनच जाहीर आव्हान दिलं: दिव्यशक्तीचा दावा असेल, तर अनोळखी माणसांची नावं, फोन क्रमांक असा तपशील चाचणीच्या अटी पाळून ओळखून दाखवा. त्याआधी, अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातच जादूटोणाविरोधी विधेयक मंजूर झालं. अघोरी प्रथांसाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

या लढ्यात जादूगार कुठे उभा आहे, ते स्पष्ट आहे. १९५६ मध्ये पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात एका मुलीला करवतीने दुभागल्याचा प्रयोग दाखवला. कार्यक्रम अचानक संपला, आणि घाबरलेल्या प्रेक्षकांच्या फोनांनी बीबीसीच्या लाइनी तुंबल्या. मुलगी सुखरूप होती. सरकार जगभर जादूगार म्हणूनच वावरले; त्यांनी तिकीट लावलं, पडदा पाडला आणि खेळाला खेळ म्हटलं. रंगमंचावरचा जादूगार आपल्याशी असा करार करतो, की मी फसवीन आणि तुम्हाला ते आधीच माहीत असेल. त्याच्या हातात संख्यांचं जे सामर्थ्य आहे, तेच करार न करणाऱ्यांच्या हाती गेलं, की त्यातून लूट होते.

म्हणून माझी मनापासून इच्छा आहे, की पत्त्यांचा कॅट विदर्भातल्या प्रत्येक शाळेच्या गणिताच्या तासाला यावा. नागपूरच्या रामन विज्ञान केंद्रात तो मुलांच्या हाती द्यावा. भास्कराचार्यांच्या २४ मूर्तींपासून सुरुवात करावी, कापरेकरांच्या ६१७४ वर जावं, यमाताराजभानसलगाचा खेळ मुलांनीच रंगमंचावर करून दाखवावा, आणि शेवटी सगळ्या वर्गाने उभं राहून दहा नाण्यांची परीक्षा द्यावी. चाळीस मुलांच्या वर्गात सहाव्या नाण्याला बहुधा कुणी उभं नसेल; शाळेच्या मैदानावर एक हजार मुलं जमली, तर दहाव्यालाही बहुधा एखादं असेल. असं का, हे ज्या मुलाला सांगता येईल, त्याला जादूचा प्रयोग पाहताना दुप्पट आनंद होईल. आणि ‘मला सगळं दिसतं’ म्हणणाऱ्या माणसासमोर ते मूल हात जोडण्याआधी कागद-पेन्सिल काढेल.